ज्या पुस्तकात माझं नाव नाही

मी नर्स नाही. कितीतरी वर्षं लोक मला सिस्टर म्हणत होते आणि मी ओ देत होते, एवढंच. हे लिहायला बसले, कारण मला एका आजींना एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगायला मला तीन महिने लागले. तोंडाने मला पटकन काही सांगता येत नाही. लहानपणापासूनच तसं आहे. चारचौघांनी माझ्याकडे बघितलं की माझी मान आपोआप खाली जाते. वहीसमोर तसं होत नाही.

आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला ओढा ओलांडून पलीकडच्या गावी जावं लागायचं, आणि तिकडे मुलींना कोणी पाठवत नसे. पण चौथीपर्यंत गुरुजींनी मराठी वाचन पक्कं करून घेतलं. पुढे ते सुटलं नाही. दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांनी टाकून दिलेली वर्तमानपत्रं मी घडी करून घरी आणायची आणि जेवणानंतर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचायची. इंग्रजी मात्र आलं नाही. आकडे येतात. बसचे नंबर, फोनचे नंबर, बीपीचे आकडे. अक्षरं ओळखीची वाटतात, पण जुळत नाहीत.

लग्न होऊन मी विक्रोळीला आले. नवरा एका कंपनीच्या कँटीनमध्ये कंत्राटावर होता. शेजारच्या बाईने मला घाटकोपरच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये नेलं. इमारतीचा पहिला मजला, बारा खाटा, एकच डॉक्टर. मी मावशी म्हणून लागले. लादी पुसायची, बेडपॅन द्यायचं, चादरी बदलायच्या, म्हाताऱ्या माणसांना कुशीवर वळवायचं. ते काम मला आवडायचं. त्यात बोलावं लागत नसे.

तिथे मोठ्या सिस्टर होत्या. केरळच्या. मुंबईत तीस-पस्तीस वर्षं काढलेली, तरी मराठी त्यांच्या तोंडात अडखळत चालायची. रागावल्या तरी हसू यायचं. एका महिन्यात दोन सिस्टर मोठ्या हॉस्पिटलात लागल्या आणि आमच्याकडे हात कमी पडले. तेव्हा मोठ्या सिस्टरनी मला बोलावलं. पुढ्यात एक मोसंबं ठेवलं, पाण्याने भरलेली सिरिंज हातात दिली आणि म्हणाल्या, "घाबरू नको. मोसंबी ओरडत नाय."

तसं मी शिकले. आधी मोसंबं, मग दंडावरची इंजेक्शनं, मग शिरेतली. सलाईन लावायला, ड्रेसिंग करायला, बीपी घ्यायला शिकले. माझ्या हाताला शीर लवकर लागायची. जाड माणसांची, लहान मुलांची, वाळून गेलेल्या म्हाताऱ्यांची. मी डोळ्यांनी शोधत नसे, अंगठ्याने शोधायची. वर्षभरात डॉक्टरांनी मला पांढरा कोट दिला. तो घालून पहिल्या दिवशी वॉर्डात गेले, तर दोन नंबरच्या खाटेवरच्या बाई म्हणाल्या, "सिस्टर, जरा पाणी द्या." मी मागे वळून बघितलं, कोण सिस्टर आलंय म्हणून.

दुपारी आम्ही दोघी उपकरणं उकळायच्या खोलीत जेवायला बसायचो. एकदा मी त्यांना विचारलं, डॉक्टरांच्या केबिनमध्ये भिंतीवर तुमचा तो काचेतला कागद आहे, तो कसला? त्यांनी हात धुतले, मग सांगितलं.

"नर्सिंग कौन्सिलचा आहे. मी साडेतीन वर्षं शिकली, परीक्षा दिली, मग त्यांनी माझं नाव पुस्तकात चढवलं. नंबर दिला. दर काही वर्षांनी परत जाऊन सांगायचं, मी आहे, काम करते, नवीन काय शिकली ते दाखवायचं."

"आणि नाही गेलं तर?"

"नाव पडून जाते. आणि मोठी चूक केली, पेशंटला काय केलं, तर बोलावून घेतात. चौकशी. नाव कापून टाकतात. मग कुठेच काम नाय करू शकत."

"बापरे," मी म्हटलं. "मग बरंय माझं. माझं नावच नाही."

मला वाटलं त्या हसतील. त्यांनी डबा बंद केला आणि म्हणाल्या, "तेच तर वाईट आहे. तुझं नाव कुठेच नाय, तर कापणार कुठून? मी सुई उचलते तेव्हा माझ्या मागे पुस्तक आहे. तुझ्या मागे कोण आहे? मीच ना. मी असते तोवर दे. नंतर देऊ नको."

मी मान हलवली. पण नंतर दिली.

त्या रिटायर होऊन गावी गेल्या. कागद भिंतीवर तसाच राहिला. मी पुसायला काढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "राहू दे गं." ड्यूटी पत्रकात त्यांची ओळही तशीच राहिली. इंग्रजीत त्यांचं नाव आणि पुढे महिन्याच्या तारखा. माझी ड्यूटी असेल त्या दिवशी मी त्या ओळीत बरोबरची खूण करायची. केस पेपरवर औषध दिल्याची सही हवी असायची, तिथे डॉक्टरांनी मला त्यांच्या सहीची दोन अक्षरं काढायला शिकवली होती. "सगळीकडे असंच चालतं," ते म्हणाले. पाच वर्षं मी ती दोन अक्षरं काढत होते. मोठ्या सिस्टर तिकडे केळीच्या बागेत बसल्या होत्या आणि इकडे माझ्या हाताने रोज कामावर येत होत्या. मला हे तेव्हा चूक वाटलं नाही. मला वाटायचं, त्यांचा आशीर्वाद आहे.

आता औषधांबद्दल लिहायला हवं, कारण सगळं तिथेच आहे.

औषधाचं नाव मला वाचता येत नव्हतं. केस पेपरवर ते लिहायचं असलं की मी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून उतरवायची, रांगोळी काढावी तशी, एकेक रेघ बघून. त्यामुळे माझं अक्षर फार सुबक यायचं. डॉक्टर नव्या मुलींना माझे पेपर दाखवून म्हणायचे, "असं लिहायला शिका." आणि काचेच्या कुप्या मी रूपावरून ओळखायची. उलटीचं इंजेक्शन म्हणजे पारदर्शक काच आणि निळी अक्षरं. ॲसिडिटीचं म्हणजे गळ्याशी पिवळी रेघ. झोपेचं, फिट येते त्यांना देतात ते, तपकिरी काचेतलं. खोके ट्रेमध्ये कुठे असतात तेही ठरलेलं. माणसं जशी चालण्यावरून ओळखू येतात तशी मला औषधं येत होती, आणि इतक्या वर्षांत एकदाही फसले नव्हते. मोठ्या सिस्टर होत्या तेव्हा मी कुपी त्यांच्यासमोर धरायची, त्या नाव मोठ्याने म्हणायच्या, मग मी फोडायची. त्या गेल्यावर म्हणणारं कोणी राहिलं नाही.

त्या आजी चेंबूरहून आल्या होत्या. मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. पोटाचा संसर्ग होऊन उलट्या थांबत नव्हत्या. सून रजा टाकून जवळ बसायची. आजींचं अंग पार सुकलं होतं, पण जीभ नाही. त्या आठवड्यातच आमच्याकडे एक नवी मुलगी लागली होती, नुकतीच नर्सिंग पास झालेली, पुस्तकात नाव असलेली. पण शीर शोधताना तिचा हात थरथरायचा. आजी मला म्हणायच्या, "तूच टोच गो. तुझो हात हलको आसा. ता चेडू टोचता तेव्हा माका माझे पूर्वज दिसतत."

सून लाजायची. "आई, असं बोलू नये."

"बोलू नये तर टोचू पण नये."

तिसऱ्या दिवशी दुपारी आजींना पुन्हा उमासे यायला लागले. डॉक्टर केबिनमध्ये पेशंट तपासत होते. त्यांनी आतूनच सांगितलं, उलटीचं इंजेक्शन दे. नवी मुलगी खाली औषधं आणायला गेली होती. मी ट्रे उघडला. सकाळी दुसऱ्या कंपनीचा माल आला होता आणि कोणीतरी तो खोक्यातून काढून ट्रेमध्ये लावला होता. निळ्या अक्षरांची पारदर्शक कुपी होती. मी ती उचलली, फोडली, सिरिंजमध्ये घेतली आणि सलाईनच्या नळीतून हळूहळू दिली. केस पेपरवर चिठ्ठीतलं नाव उतरवलं. खाली ती दोन अक्षरं.

दहा मिनिटांत आजी घोरायला लागल्या. सून म्हणाली, "बघा ना सिस्टर, किती आराम पडला! दोन दिवस डोळ्याला डोळा नव्हता." मलाही बरं वाटलं. मी आजींच्या अंगावर चादर ओढली.

मुलगी वर आली. तिने आजींच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, आकडा बघितला आणि ती धावत ऑक्सिजनकडे गेली. आजींचं तोंड उघडं पडलं होतं, श्वास फार लांबलांबून येत होता. तिने मला हाक मारली, "मावशी, नळी लाव!" आणि डॉक्टरांना ओरडून बोलावलं. मग ट्रेमधली रिकामी कुपी उचलून उजेडात धरली. तिने ती वाचली. मी तिचे ओठ हलताना बघितले. ती माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाली, "हे उलटीचं नाहीये गं. हे झोपेचं आहे."

नव्या कंपनीचं झोपेचं औषध पारदर्शक काचेत होतं. निळ्या अक्षरांचं.

डॉक्टरांनी त्याचा उतारा म्हणून दुसरं इंजेक्शन दिलं. मुलगी आजींच्या उशाशी उभी राहिली आणि दर थोड्या वेळाने त्यांचा गाल थोपटून "आजी, श्वास घ्या, मोठा घ्या" म्हणत राहिली. मी पायांशी उभी होते. माझे हात मी कोटाच्या खिशात घातले होते. दोन तासांनी आकडा सुधारला. बाहेर डॉक्टर सुनेला म्हणाले, "अशक्तपणा फार आहे. झोप येणारच. झोपू द्या." सुनेने हात जोडले.

कपडे बदलायच्या खोलीत मुलगी भिंतीला टेकून बसली होती.

"मला रिपोर्ट लिहायला पाहिजे," ती म्हणाली. "आम्हाला शिकवलंय. चूक कोणाचीही असो, लिहायची. म्हणजे परत होत नाही."

"लिही ना," मी म्हटलं.

"लिहिते. पण नाव कोणाचं टाकू?"

मी कोटाची बटणं सोडत राहिले.

"पत्रकात तुझं नावच नाहीये मावशी. आजच्या ड्यूटीला त्या केरळच्या सिस्टर आहेत. सही त्यांची आहे. मी खरं लिहिलं तर कागदावर तू इथे नव्हतीसच. आणि कागदावर जे आहे ते लिहिलं तर पेशंटला त्यांनी टोचलंय. त्यांचं नाव कापतील."

मला तेव्हा मोठ्या सिस्टरचं बोलणं नीट कळलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझं नाव नाही म्हणून माझं काही जात नाही. माझी चूक त्यांच्या नावावर जाऊन बसली होती. ज्या बाईने पुस्तकात नाव चढवायला साडेतीन वर्षं घालवली तिच्या नावावर.

मुलीने रिपोर्ट लिहिला नाही. ती रडली मात्र. मी तिच्या पाठीवर हात ठेवणार होते, पण ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी टवटवीत उठल्या. उलट्याही थांबल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "काय औषध दिलंस गो! अशी झोप माका लग्न झाल्यापासून लागूक नव्हती." घरी जाताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तोंडभरून आशीर्वाद दिला, तुझी पोरा-बाळा सुखात ऱ्हवांदेत म्हणाल्या. आणि वर, "त्या झोपेच्या औषधाचा नाव माका लिहून दी." सून म्हणाली, "सिस्टर, चेंबूरला या एकदा घरी, खरंच या," आणि चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. तेव्हाच सांगायला हवं होतं. आजी समोर होत्या, सून होती, मुलगी माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडून निघालं, "जपून राहा."

दोन दिवसांनी मी डॉक्टरांना सांगितलं, मी इंजेक्शन देणार नाही. तेवढं वाक्य मी घरून पाठ करून गेले होते.

"अगं, शिकलेल्यांच्याही चुका होतात," ते म्हणाले. "तुझ्यासारखा हात आहे का कोणाचा?" आणि त्यांनी रंगीत टेप मागवली. झोपेच्या खोक्याला लाल, उलटीच्याला हिरवी, ॲसिडिटीच्याला पिवळी. "आता तर काही प्रश्न नाही ना?" मी नाही म्हटलं नाही. मला नाही म्हणता आलं असतं तर बऱ्याच गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या. टेप लावून मी पुन्हा इंजेक्शनं देऊ लागले. फक्त प्रत्येक कुपी त्या मुलीकडे नेऊन म्हणायची, "वाच." ती कामात असली तर चिडायची. "मावशी, हिरवी टेप दिसत नाही का तुला?" तरी वाचायची. ती ड्यूटीवर नसली तर मी पेशंटच्या नातेवाइकाला म्हणायची, "जरा नाव वाचून दाखवता का, चष्मा राहिला घरी." मला चष्मा नाही.

मग तपासणी आली. नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन संपत आलं होतं आणि नवं करून देण्याआधी पालिकेच्या आरोग्य खात्यातून माणसं येऊन बघतात. खाटा किती, नर्स किती, त्यांचे नंबर काय. तपासणी यायची तेव्हा आमच्याकडे नेहमी एकच व्हायचं. नर्स पुरवणाऱ्या कुठल्याशा ब्युरोकडून एका दिवसापुरत्या दोन शिकलेल्या सिस्टर यायच्या. आदल्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, "उद्या निळा कोट घाल. उद्या तू मावशी."

मी निळा कोट घातला आणि सकाळपासून लादी पुसत राहिले. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. त्या दिवशी मला कोणी काही टोचायला सांगणार नव्हतं.

अधिकारी बाई साध्याच होत्या. सुती साडी, खांद्याला पिशवी, हातात फाइल. बरोबर एक लिहून घेणारा. त्यांनी ब्युरोच्या सिस्टरला विचारलं, तातडीच्या औषधांचा ट्रे कुठे आहे? तिने कपाट उघडलं, त्यात चादरी निघाल्या. दुसरं उघडलं. तेवढ्यात चार नंबरच्या खाटेवरचे काका माझ्याकडे बघून म्हणाले, "ओ सिस्टर, सांगा ना तिला. आणि माझी सलाईन संपली, बघा." मग मला नीट न्याहाळून म्हणाले, "आज हा कसला ड्रेस घातलाय?"

बाईंनी काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुम्हाला सिस्टर का म्हणतात?"

डॉक्टर म्हणाले, "पेशंट सगळ्यांनाच सिस्टर म्हणतात, मॅडम."

ते खरंही होतं. मी मान हलवली असती तर त्या पुढे गेल्या असत्या. त्या पुढे निघाल्याच होत्या. पत्रक उघडून त्यांनी बोट ठेवलं, "आणि या सिनियर सिस्टर? आज दिसत नाहीत."

"रजेवर आहेत," डॉक्टर म्हणाले.

माझ्या हातात पोछा होता. मी तो खाली ठेवला. "त्या गावी गेल्या," मी म्हटलं. "पाच वर्षं झाली. त्यांच्या ओळीत खुणा माझ्या आहेत. सहीपण मीच करते."

माझा आवाज इतका बारीक होता की लिहून घेणाऱ्याने विचारलं, काय म्हणाल्या? मला पुन्हा सांगावं लागलं. पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा सांगणं अवघड होतं.

बाईंनी विचारलं, "इंजेक्शन कोण देतं?"

"मी."

"शिक्षण?"

"चौथी."

"औषधाचं नाव वाचता येतं?"

"नाही."

त्यांनी फाइल मिटली. म्हणाल्या, "हे तुम्ही एकट्याने केलेलं नाही, मला माहीत आहे. पण आजपासून सुई हातात घेऊ नका. कोणी सांगितलं तरी." मी हो म्हटलं. आजींचं तेव्हाही सांगितलं नाही.

त्या गेल्यावर डॉक्टर ओरडले नाहीत. ते मोठ्या सिस्टरचा कागद भिंतीवरून काढत होते. पाठमोरेच म्हणाले, "एवढी वर्षं तोंड उघडलं नाहीस. आजच उघडायचं होतं?" मग म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. पुढे त्यांना नोटीस आली आणि दोन शिकलेल्या सिस्टर कायमच्या ठेवाव्या लागल्या, असं त्या नर्स मुलीने फोनवर सांगितलं. कागद त्यांनी पोस्टाने केरळला पाठवला की नाही ते कळलं नाही.

नवरा म्हणाला, "तुला कोणी विचारलं होतं का?" मी म्हटलं, हो, विचारलं होतं. चाळीत निराळीच गोष्ट. इतकी वर्षं ताकदीची इंजेक्शनं घ्यायला बायका माझ्याकडे यायच्या. आता नाही म्हटलं तर शेजारीण म्हणाली, "काय गं, नोकरी गेली तर भाव वाढला वाटतं?" मी तिला पालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेले. रांगेत ती माझ्याशी बोलली नाही.

त्याच मुलीने मला एका कोर्सचं सांगितलं. आजारी माणसांची घरी सेवा करायचं, सरकारमान्य प्रमाणपत्र मिळतं. आम्ही मुलुंडला चौकशीला गेलो. खिडकीतला माणूस म्हणाला, "आठवीचा दाखला, मावशी?"

"ती चौथी शिकलीय," मुलगी म्हणाली. "पण अकरा वर्षं काम केलंय. तुमच्या शिकवणाऱ्यांपेक्षा चांगली शीर शोधते."

"मग अनुभवाचं पत्र आणा."

मुलीने माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षांचा माझा एकही कागद नव्हता. त्या अकरा वर्षांतली शेवटची पाच तर दुसऱ्याच बाईच्या नावावर होती. मला त्या माणसाचा राग आला नाही. त्याने नियम मोडला असता आणि मला घेतलं असतं, तर आणखी कोणीतरी माझ्यासारखीच आत शिरली असती. बाहेरून पाचवीची आणि मग आठवीची परीक्षा देता येते, असं तो म्हणाला. त्याचा फॉर्म आम्ही घेतला. तो माझ्याकडे आहे.

त्या दिवशी परत येताना मुलगी म्हणाली, "चल, झालं ते झालं. कोणाला कळलं तर नाही ना." तिने ते माझ्या समाधानासाठी म्हटलं. पण माझ्या डोक्यात तेच बसलं. मोठ्या सिस्टरनी असं केलं असतं तर त्यांना बोलावून घेतलं असतं. समोर बसवून विचारलं असतं. आजींना कळलं असतं. मला कोण बोलावणार होतं? माझ्यासाठी कौन्सिल नाही. मीच जायला हवं होतं.

रविवारी सकाळी मी चेंबूरला गेले. सुनेने दार उघडलं. "अगोबाई, सिस्टर! या, या." आजी कॉटवर बसून मटार सोलत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "ये गो. बस. माका वाटला इसारलंस."

मी बसले नाही. बसले असते तर सांगितलं नसतं. मी उभ्यानेच सांगितलं. औषध चुकीचं होतं. मला वाचता येत नाही. तुम्ही दोन तास धोक्यात होतात. मी नर्स नाही. सगळं एका दमात, जसं येईल तसं.

सून सोफ्याच्या कडेला टेकली. "डॉक्टर तर म्हणाले अशक्तपणा आहे."

"हो."

"आम्ही त्यांच्या पाया पडलो." तिचा आवाज चढला. "तुमच्या पण. आणि तीन महिन्यांनी सांगायला आलात? कशाला? आता मी यांना कुठे घेऊन जाऊ? कोणावर विश्वास ठेवू?"



आजींनी मटारचं ताट बाजूला ठेवलं. मग विचारलं, "मगे माका जागा कोणी केल्यान?"

"त्या मुलीने. तुम्हाला तिचा हात जड लागायचा ती."

"म्हणजे मी आशीर्वाद भलत्याकच दिलंय," आजी म्हणाल्या. त्या रागाने नाही बोलल्या. एखादी वस्तू चुकून दुसऱ्याच्या घरी गेली की माणूस बोलतं तशा बोलल्या. मग सुनेला म्हणाल्या, "चाय टाक तिका. लांबून इली हा."

सुनेने चहा आणून ठेवला. मी खुर्चीच्या कडेवर बसून तो प्यायले. आजींनी घराची, नवऱ्याची, बसची चौकशी केली, पाहुण्याची करतात तशी. मटार तसेच राहिले होते. बोलता बोलता त्यांनी दोन्ही दंडांवरून पदर घट्ट ओढून घेतला होता, आणि मी असेपर्यंत सोडला नाही.

मी उठले तेव्हा सून म्हणाली, "मला तक्रार करायची असली तर? कोणाच्या नावाने करू? तुमचं खरं नाव तरी काय?"

तिने विजेच्या बिलाची मागची बाजू पुढे घेतली. मी माझं नाव सांगितलं, नवऱ्याचं, आडनाव, विक्रोळीचा पत्ता, चाळीचा आणि खोलीचा नंबर. ती लिहीत गेली. लिहून झाल्यावर तिने मोठ्याने वाचलं.

"बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.